आईला न सापडणारं बटण

आमच्या धंद्यात एक नियम आहे, हातांवर बसायचं. खरोखर बसायचं, दोन्ही तळवे मांडीखाली घालून. समोर कुणीतरी आपण बनवलेलं ॲप उघडून बसलेलं असतं. त्याला सांगितलेलं असतं, कॅमेरा सुरू करा. आणि तो गृहस्थ कॅमेऱ्याचं बटण सोडून जगातलं सगळं दाबत सुटतो. ओरडून सांगावंसं वाटतं, अहो काका, नाकासमोर आहे! पण सांगायचं नाही. मदत केली की चाचणी फुकट. तो कुठे अडतो ते गुपचूप बघायचं आणि मागाहून तिथली वाट सोपी करायची. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हा नियम म्हणजे जन्मठेप आहे.

टेबलावरच्या संगणकाला जो कॅमेरा लावतात, तो चालवणारं ॲप आमची कंपनी बनवते. बटण कुठे, केवढं, कोणत्या रंगाचं, त्यावर काय लिहायचं, हे मी ठरवते. ॲपच्या पोटातलं काम मुंगी करते. मुंगी म्हणजे आमची प्रोग्रॅमर. एवढीशी आहे, पण स्वतःच्या दसपट ओझं ओढते म्हणून हे नाव. आणि आमच्या डोक्यावर सोप्पंसाहेब. त्यांना काहीही दाखवा, मान तिरकी करून म्हणणार, "छान आहे, पण अजून सोप्पं करा."

गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला मीटिंगच्या खोलीत बसवलं आणि सांगितलं, "म्हाताऱ्या माणसांना जमलं पाहिजे. त्यांना जमलं तर ते विकलं जाईल, नाही जमलं तर या विभागाला टाळं." मला टाळ्याची भीती वाटली नाही असं नाही. पण त्याहून जास्त हुरूप आला, कारण एक म्हातारं माणूस माझ्या घरचंच होतं.

आई माझ्यापासून दोन रस्ते पलीकडे राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर बसून तिने हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली. बाबा गेल्यावर एकटीच राहिली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोज सकाळी बूट घालून तळ्यावर जायची. तिथे एक बाक आहे, आणि त्यावर तिच्यासारख्याच आणखी दोघी. काय बोलायच्या देव जाणे, पण आई परत यायची ती गालातल्या गालात हसत.

मग जिन्यात तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. दादा धावत आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, समुद्रापलीकडे नोकरीला असतो. तो वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. आईच्या प्लास्टरवर डोकं टेकून तो लहान मुलासारखा रडला. आणि परत जाताना शपथ घालून गेला, एकटीने जिना उतरायचा नाही.

"आणि मला तू दिसली पाहिजेस," तो म्हणाला. "नुसता आवाज नको. फोनवर तू काय, काहीही सांगशील." त्याने टेबलावर संगणक मांडला, वर कॅमेरा लावला आणि आमच्याच कंपनीचं ॲप घातलं, बहिणीने केलंय म्हणून कौतुकाने.

"म्हणजे मी दिवसभर करू काय? भिंतींशी गप्पा मारू?" आईने विचारलं.

"आई, तुझ्याच भल्यासाठी आहे गं," दादा आणि मी एका सुरात म्हणालो. आम्हा भावंडांचं कशावर म्हणून पटत नाही, फक्त आईला गप्प करताना एकमत होतं.

तर आता आईला कॉल येऊ लागले, आणि आईला ते घेता येईनात. दादा तिकडून चिडायचा आणि मला फोन करायचा. "चिमे, आईचं परत चालत नाहीये. बघ ना जरा." उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जातंय! शेळी मीच. मी हातातलं काम टाकून आईच्या मोबाईलवर फोन लावायची.

"आई, स्क्रीनवर खाली निळं बटण दिसतंय?"

"निळं? नाही बाई. निळं कुठंय?"

"अगं उजव्या हाताला!"

"इथे सगळं करडंच दिसतंय."

मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे, कुत्रं भुंकायचं. "एवढा आवाज कसला?" मी विचारायची. "खिडकी उघडी आहे गं," आई म्हणायची. मी म्हणायची, बरं, राहू दे, बघते मी. आणि बटण पिवळं करायची.

पिवळंही तिला दिसेना. मी ते मोठं केलं. मोठं केलं तर म्हणे त्यावरचं चित्र कळत नाही, ते कॅमेऱ्याचं आहे की कपाटाचं? मी चित्र काढून टाकलं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "कॉल घ्या". तर म्हणे, घेतला पण काळोख आहे. मग मी उजेडाची, पार्श्वभूमीची, आरशासारखं उलटं दिसण्याची, सगळी बारीक बारीक बटणं आत दडवली. ऑफिसात चाचणीला येणारे आजी-आजोबा खूश झाले. जे आधी घाम पुसत उठायचे ते आता एका दमात कॅमेरा सुरू करून स्वतःलाच हात हलवून दाखवत. सोप्पंसाहेब खूश. फक्त माझी आई तेवढी तिथल्या तिथे. काखेत कळसा नि गावाला वळसा! मी तर जिद्दीलाच पेटले. आईला जमलं की जगाला जमलं, असं मी मुंगीला रोज ऐकवायची.

एका सुट्टीला मी मुद्दाम आईकडे गेले. तिच्या मागे स्टूल टाकलं आणि हातांवर बसले. दादाचा कॉल आला. स्क्रीनभर "कॉल घ्या". आईने माऊस हलवला, बाण बटणाकडे सरकला, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तिने कोपऱ्यात जाऊन भलतंच काहीतरी दाबलं. स्क्रीन पांढरी. घंटी वाजून वाजून थकली.

"आई!" माझा नियम गेला खड्ड्यात. "अगं एवढं ढळढळीत लिहिलंय!"

"चष्मा जुना झालाय बहुतेक," आई म्हणाली. चष्मा नवा कोरा होता, मीच आणून दिला होता.

त्या दिवशी घरी चालत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिला बटण दाबता येत नाही ना? मग बटणच काढून टाका! घरच्या माणसाचा कॉल आला की ॲपने तो आपला आपण उचलावा आणि कॅमेरा सुरू व्हावा. म्हाताऱ्या माणसाने काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं. मी त्याला नाव दिलं "आपोआप उचला". कोपऱ्यातली फुली दाबली की पूर्वी ॲप बंद व्हायचं, आणि चाचणीत कितीतरी जण ती चुकून दाबायचे. मी फुलीचंही काम बदललं. आता ती दाबली की चित्र लहान होऊन बाजूला बसतं, कॅमेरा चालूच. "आणि हे सगळं बंद करायची सोय?" मुंगीने विचारलं होतं. मी तावातावाने पानभर लिहून दिलं की पर्याय दिले की वयस्कर माणसं घाबरतात, त्यांना पर्याय नको असतात, निवांतपणा हवा असतो. सोप्पंसाहेबांनी ते पान मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्यांदाच ते "अजून सोप्पं करा" म्हणाले नाहीत.

नवं ॲप बाजारात गेलं आणि विकलंही गेलं. टाळं टळलं. दादाचा फोन आला. "चिमे, तू जादूगार आहेस! आता मी कधीही डोकावतो आणि आई समोर. कामाच्या मध्येसुद्धा." मी फुलून गेले, खोटं कशाला बोलू. आईचे तक्रारीचे फोन एकदम थांबले. मला वाटलं, चला, सुटली एकदाची अडचण.

पुढे एकदा मुंगी चाचणीच्या काळातल्या जुन्या नोंदी पुसायला बसली होती. ज्यांना आम्ही कच्चं ॲप वापरायला देतो, त्यांच्या माऊसचा बाण कुठून कुठे फिरला याची लाल रेघ आमच्याकडे साठते. त्यांची परवानगी घेतलेली असते. आईचीही सही मीच घेतली होती.

"तुझ्या आईचं मशीन बिघडलं होतं का?" मुंगीने विचारलं.

"नाही. का?"

"हे बघ ना. तू तिला फोनवर शिकवायचीस ना, आरडाओरडा करत? त्या वेळांना तिच्याकडे रेघच नाही. माऊस हललेलाच नाही. निळं बटण नाही दिसलं, पिवळं नाही दिसलं, सगळं ठीक, पण बघायला ती तिथे होती तरी का?"

मी म्हटलं, काहीतरी चुकतंय तुझं. मुंगी म्हणाली, "मग ही एक बघ." ती सुट्टीच्या दिवशीची होती, मी स्टुलावर बसले होते तेव्हाची. लाल रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ निघाली होती, थेट "कॉल घ्या"वर. तिथे बाण थांबला होता. चांगला थांबला होता, आम्ही त्याला ठिपका म्हणतो, जितका वेळ थांबाल तितका मोठा होतो. हा ठिपका लिंबाएवढा होता. आणि मग रेघ वळून, बटणाला पूर्ण वळसा घालून, कोपऱ्यात गेली होती.

वेड पांघरून पेडगावला! माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी, मी इथे रंगांच्या छटा बदलत बसले, अक्षरं मापत बसले, आणि ही बाई मला बनवत होती? जिने आयुष्यभर एक्सचेंजचा बोर्ड चालवला तिला एक बटण सापडत नाही, हे मला खरं तरी कसं वाटलं? रागाने मी पाणी पिऊन आले. आणि पाणी पिता पिताच ते हॉर्न आठवले. कुत्र्याचं भुंकणं. आईच्या घराची खिडकी मागच्या बोळात उघडते, तिथून सायकलसुद्धा जात नाही.

ती तळ्यावर होती. मी तिला निळं बटण दाखवत होते आणि ती बाकावर बसून, शेजारणीला हाताने थांब म्हणत, मला सांगत होती की सगळं करडं दिसतंय. त्या बाकावरून आलेल्या उत्तरांवर मी अख्खं ॲप रंगवलं. आणि तिला उरलेली एकुलती एक फट मी स्वतःच्या हाताने बुजवली.

मी तशीच सोप्पंसाहेबांकडे गेले. "आपोआप उचला बंद करायचं बटण द्यायला हवं," मी म्हणाले.

त्यांनी मान तिरकी केली. "अहो, तेच तर विकलं जातंय. मुलं घेतायत, आईबापांसाठी. आणि तुम्हीच तर लिहिलं होतं, पर्याय दिले की माणसं घाबरतात."

"मी चुकले."

"छे, छे. फार सुंदर लिहिलं होतं." आणि ते पान त्यांनी खरंच भिंतीवर लावलं होतं.

दुपारी मी आईकडे गेले. दार उघडून ती मला हॉलमध्ये थांबू न देता सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि नळ सोडला.

"इथलं दादाला दिसत नाही," ती म्हणाली. "कपाटापासून पडद्यापर्यंत दिसतं. ऐकू मात्र येतं, पण नळ सोडला की नीट नाही येत."

"आत्ता चालू आहे?"

"कधी असतो, कधी नसतो. हिरवा दिवा लागला की कळतं." ती भांडं धुवायला लागली, ते आधीच धुतलेलं होतं.

"आई, मला कळलं. तुला सगळं येत होतं."

तिचा हात थांबला. मग ती हसली, तेच गालातल्या गालात, पण फार थोडं. "येत होतं की. न यायला काय झालं? पण तुझं ते जुनं होतं ना, ते बरं होतं गं. इतकं अवघड होतं की मला येत नाही म्हटलं तर सगळ्यांना पटायचं."

"मग मला सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस."

सांगितलं असतं. त्याच दिवशी सांगितलं असतं.

"तू ते सुधारायचीस आणि मी नवीन काहीतरी शोधायची," आई म्हणाली. "निळं दिसत नाही, चित्र कळत नाही. मला मजा यायची. आम्ही तिघी मिळून ठरवायचो, आज चिमीला काय सांगायचं. पण तू हुशार. तू काही सोडलंच नाहीस. आता न येण्याजोगं त्यात उरलंय काय?"

"आई, पण परत पडलीस तर?" मी म्हटलं. "जिन्यात कुणी नसलं तर?"

"तर पडेन. इथे बसून काय होतंय ते तू बघतेयसच." तिने हे रडत सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती सांगत होती, नळाला पाणी आलंय हे सांगावं तसं.

तेवढ्यात बाहेर एक बारीक टिंग झालं. तो आवाजही मीच निवडला होता, दहा आवाजांतून, दचकायला होऊ नये असा.

"आई? कुठे आहेस?" हॉलमधून दादाचा आवाज.

आईने नळ बंद केला, हात पुसले, केसांवरून हात फिरवला आणि जाऊन खुर्चीत बसली. मी दाराच्या आड उभी राहिले. "हा काय, इथेच," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली.

"जेवलीस? गोळी घेतलीस? मागचा दिवा लाव ना, चेहरा नीट दिसत नाही." आईने दिवा लावला आणि परत बसली. "हं. आता कसं! मी जरा काम करतो हं. तू बस अशीच, चालू राहू दे. तू समोर असलीस की मला बरं वाटतं."

"बरं," आई म्हणाली.

तो काम करू लागला. त्याच्या टाइपिंगची टकटक येत होती. आई बसली होती. तिच्या मांडीवर पेपर नव्हता की विणकाम नव्हतं, काहीच नव्हतं. तिचा चेहरा त्या लहानशा चौकटीत मला दिसत होता, नीटनेटका, उजेडातला, मी आखून दिलेल्या जागी. आणि मग माझी नजर टेबलाखाली गेली. तिने बूट घातले होते. तळ्यावर जायचे बूट, नाड्या व्यवस्थित बांधलेल्या. कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही. सकाळपासून असेच घातलेले असतील, रोजच घालत असेल.

माझ्याच्याने ते बघवेना. मी खाली बसले. या वयात, या गुडघ्यांवर, मी भिंतीकडेने रांगत टेबलाखाली शिरले. वरून आईने एकदा खाली पाहिलं आणि लगेच नजर वर नेली, चेहऱ्यावरची रेघही हलू न देता. मी तिच्या बुटांशेजारी पोहोचले, भिंतीतला प्लग चाचपला आणि उपटला.

टकटक थांबली. हिरवा दिवा विझला.

"जा," मी टेबलाखालून म्हणाले.

"आता तो फोन करेल."

आणि मोबाईल वाजलाच. मी बाहेर येऊन तो उचलला. "चिमे? तू आहेस होय तिथे!" दादा म्हणाला. "काय झालं? एकदम काळं झालं."

"बंद पडलं."

"बंद कसं पडेल? तूच तर म्हणालीस, यात बंद पडण्यासारखं काही ठेवलंच नाही."

आई उठून दाराजवळ उभी होती. हातात किल्ली. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत प्रश्न होता, भीतीही होती.

"भिकार आहे आमचं ॲप," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामाला नावं ठेवली, आणि तीही त्या माणसापुढे जो चारचौघांत ते मिरवतो. "वरवर सोपं दिसतं, आत सगळा गोंधळ आहे. मी केलंय, मलाच माहीत."

"बरं, बरं. मग कर ना दुरुस्त. किती वेळ लागेल?"

मी आईकडे पाहिलं. तिने बोटाने हवेत एक मोठा गोल काढला, तळ्याभोवतीची फेरी, आणि मग तळहात खाली दाबून दाखवला, बसणं.

"वेळ लागेल," मी म्हणाले. "फार किचकट आहे."

"मी लाइनवर थांबतो. झालं की सांग. आईला दे जरा."

"आईला कशाला? ती बसलीय समोर. तिला काय कळतंय यातलं!"

आईने दार हळूच ओढून घेतलं. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि तिच्या खुर्चीत बसले. जिन्यावर तिची पावलं ऐकू येऊ लागली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. कठड्याला हात घासल्याचा आवाज. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती गेल्या वर्षी पडली होती. तिथे पावलं थांबली. मी अर्धी उठले. सांभाळून, असं अगदी ओठांवर आलं होतं. खिडकीतून काही दिसलं नसतं, पण जिन्याच्या कठड्यावरून वाकलं तर तिचं डोकं दिसलं असतं, नुसतं बघितलं असतं, हाक मारली नसती.

मी परत बसले. दोन्ही तळवे मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर सगळा भार टाकला.

पावलं पुन्हा सुरू झाली, की मला तसं वाटलं. मग खालचं काही ऐकू येईना. समोरच्या काळ्या स्क्रीनमध्ये खुर्चीत बसलेली मी दिसत होते, कपाटापासून पडद्यापर्यंतच्या मधोमध.

"झालं का गं?" दादाने विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले.